आत्याचा क्लास, माझी मीटिंग आणि एकच लॅपटॉप : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

काम असं आहे. आत्या सदाशिव पेठेत राहते, गाणं शिकवते. मंगळवार-गुरुवारी सकाळी ११ ते साडेबारा तिचा ऑनलाइन क्लास असतो. मुली कुठे नागपूर, कुठे म्युनिक, कुठे मेलबर्न. दर वेळी कोणाची तरी दांडी पडते आणि मग "ताई, परवाची बंदिश पाठवाल का" सुरू होतं. आत्या मोबाइलवरून शिकवते, पुढ्यात तानपुऱ्याची पेटी, मांडीवर वही. तिला रेकॉर्डिंगचं बटण शोधायला लावणं म्हणजे तिचा आणि मुलींचा अर्धा तास घालवणं. "तू कॉम्प्युटरवाली ना, मग तूच कर काहीतरी." झालं, ठरलं: क्लासच्या कॉलला मीही जोडून बसायचं आणि माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचं.

अडचण एवढीच की नेमकी त्याच वेळेला माझी ऑफिसची मीटिंग असते. मी कोथरूडला घरून काम करते, लॅपटॉप एकच, त्यावर उबंटू २४.०४. म्हणजे क्लास रेकॉर्ड व्हायला हवा पण माझ्या कानात येता कामा नये, आणि मीटिंग कानात हवी पण रेकॉर्डिंगमध्ये नको.

पहिला विचार कोणालाही सुचेल तोच. लिनक्सवर आवाज बाहेर टाकणाऱ्या प्रत्येक यंत्राला, म्हणजे स्पीकर असो की हेडफोन, एक 'मॉनिटर' जोडलेला असतो. बाहेर जाणारा सगळा आवाज तिथून उचलता येतो. पण 'सगळा' इथेच घोडं अडतं. हेडफोनचा मॉनिटर रेकॉर्ड केला तर अल्हैया बिलावलच्या आलापात मॅनेजरचा आवाज आणि मेल आल्याची टुंग. हा मार्ग बाद.

आत्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली: सगळ्या मुलींना विचार, कारण त्यांचेही आवाज येणार. शिवाय फाइल क्लासच्या बाहेर जायची नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्याचा आपल्या गायनावर स्वतंत्र हक्क असतो, तोही ५० वर्षं. आत्या म्हणाली, "माझं कोण चोरतंय?" पण विचारलं तिने सगळ्यांना.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. क्लास नाही, संध्याकाळी सगळे आत्याकडे. सकाळ मोकळी होती, ती प्रयोगात घातली.

उपाय जुनाच आहे: 'नल सिंक'. म्हणजे आवाज स्वीकारणारं पण कुठेच न वाजवणारं खोटं आउटपुट. यंत्रणेच्या दृष्टीने तो स्पीकरच. फक्त त्याच्या पलीकडे तार नाही. मात्र खऱ्या स्पीकरसारखा त्यालाही मॉनिटर असतो, आणि आपल्याला तोच हवा. ॲपचा आवाज हेडफोनऐवजी इकडे वळवायचा आणि मॉनिटरवरून फाइलमध्ये घ्यायचा.

आता उबंटूत आवाजाचा कारभार पाइपवायर बघतं. त्याआधी बरीच वर्षं पल्स-ऑडिओ होतं, लेनार्ट पोएटरिंगने २००४ मध्ये सुरू केलेलं. पाइपवायर विम टायमन्सचं, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. चांगली गोष्ट अशी की पाइपवायर पल्सची भाषा जशीच्या तशी बोलतं, त्यामुळे आवाज इकडे-तिकडे वळवणारी जुनी 'पॅक्टल' (pactl) कमांड आजही चालते आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचे सल्ले अजून कामाला येतात. लिनक्सच्या जगात हे भाग्य क्वचितच लाभतं.

पॅक्टलला नल-सिंक मॉड्यूल चढवायला सांगितलं. सिंकचं नाव 'वर्ग', रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८०००. रेट मुद्दाम लिहिला. पल्सचा आपसूक रेट ४४१०० असतो, पाइपवायरचा ४८०००, आणि ऑनलाइन कॉलचा आवाज बहुतेक ओपस कोडेकमधून (आवाज आकसून पाठवायची पद्धत) ४८ किलोहर्ट्झनेच येतो. मधे उगाच रूपांतर नको.

मग ब्राउझरमध्ये काहीतरी वाजत ठेवलं आणि पॅक्टलकडून चालू प्रवाहांची यादी मागवली. प्रत्येक वाजणाऱ्या प्रवाहाला क्रमांक असतो. तो क्रमांक आणि 'वर्ग' हे नाव देऊन प्रवाह हलवायचा हुकूम दिला, आणि आवाज कानातून गेला. व्हिडिओ मात्र सुखाने पुढे सरकतोय. टाइप करायचा कंटाळा असेल तर पॅव्हूकंट्रोल (pavucontrol) हे आवाजाच्या सेटिंगचं ॲप उघडावं. त्याच्या पहिल्याच पानावर प्रत्येक ॲपसमोर आउटपुट निवडायची यादी असते.

रेकॉर्ड करायला 'पॅरेक' (parec) ही कमांड पुरेशी आहे, पण तिला फाइलचा प्रकार सांगावा लागतो. नाही सांगितला तर नुसता कच्चा डेटा लिहिते, त्याला मथळा (फाइलच्या सुरुवातीची माहिती) नसतो, प्लेअर उघडत नाही. मी एफएफएम्पेग (आवाजाच्या फाइली करणारं, कापणारं, तपासणारं साधन) घेतलं आणि फाइल वेव्हऐवजी फ्लॅक ठेवली. १६ बिट, दोन चॅनेल, ४८००० म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. दीड तासाच्या क्लासची वेव्ह फाइल १ जीबीच्या वर जाते. फ्लॅकने त्यात बरीच बचत होते आणि एक नमुनाही गमावत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: वेव्हच्या मथळ्यात एकूण लांबी शेवटी भरली जाते, प्रक्रिया मधेच मेली तर ती चुकीची राहते. फ्लॅक तुकड्या-तुकड्याने लिहिलं जातं, अर्धवट फाइलसुद्धा वाजते.

१५ जुलै, मंगळवार

पहिला खरा क्लास. प्रवाह वाजायला लागल्याशिवाय त्याला क्रमांकच मिळत नाही, त्यामुळे आत्याचं "आवाज येतोय का गं सगळ्यांना?" एवढं कानात आलं, मग हलवला. मीटिंग व्यवस्थित झाली. मीटिंगसाठी ब्लूटूथ हेडसेटने मधे कॉलचा मोड धरला, आवाज डबक्यातून आल्यासारखा झाला. रेकॉर्डिंगवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. हा नल सिंकचा वरकड फायदा. फाइलचा हेडसेटशी संबंधच उरत नाही.

ॲपचा स्वतःचा व्हॉल्यूम मात्र फाइलमध्ये उतरतो. तो १०० टक्क्यांवरच ठेवायचा.

दुपारी तीनच्या मीटिंगला बसले तर चिडीचूप. हेडफोन ठीक, व्हॉल्यूम ठीक, समोरची तोंडं हलतायत. कारण असं की कोणत्या ॲपचा आवाज कुठे वळवला होता हे यंत्रणा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून तिकडेच पाठवते. पल्समध्ये हे काम एक मॉड्यूल करायचं, पाइपवायरच्या बाजूने आता वायरप्लंबर हा त्याचा जोडीदार प्रोग्राम करतो. लक्षात ठेवताना ती ॲपचं नाव बघते, टॅब नाही. क्लासही फायरफॉक्समध्ये आणि मीटिंगही फायरफॉक्समध्ये, त्यामुळे मीटिंगसुद्धा 'वर्ग'मध्ये जाऊन पडली. हे रविवारी निस्तरायचं.

१७ जुलै, गुरुवार

गुरुवार, म्हणून नळाला पाणी नव्हतंच. साडेअकराला वीजही गेली. लॅपटॉप बॅटरीवर, पण राउटर बंद. मोबाइलचं हॉटस्पॉट लावेपर्यंत कॉल तुटला होता. परत जोडला तर जुना क्रमांक गेलेला, नवा प्रवाह, नवा क्रमांक. पण तो आपसूक 'वर्ग'मध्येच गेला. म्हणजे परवा जिने छळलं तीच स्मरणशक्ती आज कामी आली.

यावरून एक ठरवलं. पाइपवायरमध्ये दुसराही रस्ता आहे: पीडब्ल्यू-लिंक, किंवा क्यूपीडब्ल्यूग्राफ या चित्रमय खिडकीतून ॲपची टोकं थेट रेकॉर्डरला जोडायची आणि स्पीकरची जोडणी काढून टाकायची. दिसायला फार सुंदर. तारा ओढतोय असं वाटतं. पण ती जोडणी त्या प्रवाहापुरती. कॉल तुटून परत आला की नवी टोकं पुन्हा हेडफोनला चिकटतात आणि रेकॉर्डर रिकामा बसतो. समोर बसून लक्ष ठेवणार असाल तर ठीक. माझं लक्ष मीटिंगमध्ये असणार, म्हणून नल सिंकच बरा.

२० जुलै, रविवार

फायरफॉक्सचं 'क्लास' नावाचं वेगळं प्रोफाइल केलं. ते सुरू करताना पल्स-सिंक (PULSE_SINK) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सुरू होतानाच मिळणाऱ्या सूचनेत, 'वर्ग' भरून द्यायचं. म्हणजे त्या प्रक्रियेतून जो आवाज जन्माला येईल तो पहिल्या सेकंदापासून तिथेच जाणार, हलवाहलवी नाही. ते स्वतंत्र प्रक्रिया म्हणूनच उघडायला हवं. तसं सांगितलं नाही तर आधीच चालू असलेला फायरफॉक्स नुसती नवी खिडकी उघडून देतो आणि व्हेरिएबल कोणी वाचतच नाही. रोजचा फायरफॉक्स पॅव्हूकंट्रोलमधून परत हेडफोनवर आणून ठेवला.

पॅक्टलने चढवलेला सिंक लॅपटॉप रीस्टार्ट केला की जातो. म्हणून पाइपवायरच्या घरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये छोटी फाइल टाकली, आता लॉगिन झालं की 'वर्ग' हजर. क्लास चालू असताना मात्र सिंक काढायचा नाही. काढला की अनाथ प्रवाह डिफॉल्ट आउटपुटवर, म्हणजे थेट माझ्या कानात.

२२ जुलै, मंगळवार

आज खरी मेख लागली.

न ऐकता रेकॉर्ड करायचं तर फाइलमध्ये काय पडलंय हे कळायला काहीतरी हवं. दीड तास ऐकत बसायचं तर मग हा खटाटोप कशाला? म्हणून क्लास संपला की एफएफएम्पेगची दोन गाळण्यांची तपासणी लावली आहे. एक आवाजाची पातळी सांगते. सरासरी आणि कमाल. दोन्हींसमोर उणे ९१.० डेसिबल आलं तर समजायचं की १६ बिटच्या फाइलमध्ये निव्वळ शून्य आहे, काहीही पोचलेलं नाही. आजची सरासरी उणे २७, कमाल उणे ४. उत्तम.

दुसरी गाळणी शांततेचे तुकडे शोधते. उणे ६० डेसिबलच्या खाली दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की सुरुवात-शेवटाची वेळ छापते. ही लावली होती कॉल तुटला तर कळावं म्हणून. एखादी-दुसरी ओळ अपेक्षित होती. स्क्रीन भरून ओळी आल्या. अडीच सेकंद, तीन सेकंद, चार सेकंद, पुन्हा तीन.

माणसं बोलताना थांबतात, इतपत ठीक. पण हा गाण्याचा क्लास आहे. आत्याची पेटी अकराला सुरू होते ती साडेबाराला बंद होते. विलंबितात ती दोन आवर्तनांच्या मधे कितीही थांबो, मागे तानपुरा असतोच. कॉल चालू असताना त्या फाइलमध्ये शांतता असायलाच नको.

हेडफोन लावून एक जागा ऐकली. आत्या 'सा' लावते तेव्हा तानपुरा हळूच वर येतो, ती थांबली की अर्ध्या सेकंदात विरतो, मग काहीच नाही. पुन्हा स्वर, पुन्हा तानपुरा.

२४ जुलै, गुरुवार

कारण ओळखीचं आहे. ऑनलाइन कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं वाचवायला बनवलेली असतात. एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे पंखा, एसी, मिक्सर, असं धरून तो पुसला जातो. तानपुऱ्याचं तर सगळं मोठेपणच एकसारखं राहण्यात आहे! किराणा घराण्यातल्या लोकांनी तानपुरा जुळवण्यात तास घालवले, आणि इथे एक सॉफ्टवेअर त्याला पंखा समजतंय.

पण खापर कोणावर फोडायचं ते नक्की करायला हवं. पुसापुशी आत्याच्या फोनवर होतेय, वाटेत होतेय की माझ्या बाजूला? फाइल ऑड्यासिटीत उघडून स्पेक्ट्रोग्राम बघितला. आडवा अक्ष वेळ, उभा अक्ष कंपनसंख्या, जितका आवाज मोठा तितका रंग उजळ.

आधी खालचा भाग, ० ते १००० हर्ट्झ, खिडकी ८१९२ नमुन्यांची म्हणजे सहा-एक हर्ट्झचा फरक दिसतो. आत्याचा स्वर काळी चार. त्याचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास, खर्ज १०४ ला, पहिल्या तारेचा पंचम १५६ ला. बरोबर तिथेच आडव्या रेघा होत्या, वर ३१२, ४१६, त्यांचे स्वयंभू स्वर (मूळ स्वरातून आपोआप निघणारे वरचे स्वर) शिडीसारखे चढत गेलेले. फक्त अखंड नाहीत. आत्या गातेय तिथे रेघ, थांबली की काळं. तुटक-तुटक. एके ठिकाणी तिने 'ग' लावून तीन सेकंद दम धरला होता. त्याच्याखाली षड्जाची रेघ सुरुवातीला फिकट, मग उजळ, आणि 'ग' संपल्यावर बोटभर शेपटी सोडून गायब.

मग पूर्ण उंचीचं चित्र, २४ किलोहर्ट्झपर्यंत. आत्याचा आवाज आहे तिथे ८ किलोहर्ट्झला सुरीने कापावं तशी सपाट कड. त्याच्यावर काही नाही, तानपुऱ्याच्या जव्हारीची झिणझिण नाही, 'स'चा फुत्कार नाही. पण नागपूरची मुलगी बोलली तेव्हा रंग १५ किलोहर्ट्झच्याही वर गेलेला. फाइल तीच, माझा सिंक तोच, कॉल तोच. म्हणजे माझ्या बाजूला कापाकापी नाही. ८ किलोहर्ट्झ ही कड दोन ठिकाणांहून येऊ शकते: नेट खराब असताना ओपस स्वतः पट्टा अरुंद करतो, नाहीतर ब्लूटूथचा कॉल मोड, जिथे माइकचा आवाज १६ किलोहर्ट्झनेच घेतला जातो आणि त्याच्या अर्ध्यापर्यंतच स्वर टिकतात. नेट खराब असतं तर कड कधी वर, कधी खाली गेली असती. ही दीड तास एका रेषेत.

आत्याला फोन केला. "आत्या, क्लासला कानात काय घालतेस?"

"ते गळ्यातलं गं. ब्लूटूथवालं. भाच्याने दिलंय ना तुझ्या वाढदि... माझ्या वाढदिवसाला."

२६ जुलै, शनिवार

तपकीर गल्लीतून साधा वायरचा इअरफोन घेतला, मुद्दाम माइक नसलेला. तो लावला की फोन ऐकवतो इअरफोनमधून, पण ऐकतो स्वतःच्या माइकने, आणि तो माइक पूर्ण पट्टा घेतो. शिवाय गळ्यातल्या पट्ट्याचा माइक हनुवटीपाशी होता, पेटी हातभर लांब. फोन आता दोघांच्या मधे, स्टँडवर.

कॉलच्या ॲपमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मूळ आवाज तसाच पाठवायची सोय असते, पण सेटिंगच्या चौथ्या पानावर कुठेतरी दडवलेली. ती चालू केली, नॉइज सप्रेशन बंद केलं. हे बंद केलं की इअरफोन लावणं आलंच, नाहीतर मुलींचे आवाज आत्याच्या फोनमधून परत त्यांच्याकडे घुमतात. आत्याने वायर बघून नाक मुरडलं. मग मी तिला जुन्या फाइलमधला तो 'ग' ऐकवला. तिने एकदाच ऐकलं, डोळे बारीक केले. "हे असं ऐकत होत्या होय मुली इतके दिवस? मग बेसूर होतात त्यात त्यांची काय चूक!" वायर लगेच कानात गेली.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी असून क्लास झाला. शांतता शोधणाऱ्या गाळणीने अकराच्या आधीची रिकामी जागा आणि शेवटची, एवढंच छापलं. स्पेक्ट्रोग्राममध्ये १०४, १५६, २०८ च्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरची कड नाहीशी. सरासरी पातळी थोडी वाढली, कारण आता तानपुराही मोजला जातोय.

७ ऑगस्ट, गुरुवार

सिस्टमडीच्या (लिनक्सवर कामं सुरू-बंद करणारी यंत्रणा) यूजर टायमरवर टाकलं: मंगळ, गुरू, १०:५५. एफएफएम्पेग १०५ मिनिटं चालतं, मग टाइमआउट त्याला कंट्रोल-सी दाबल्यासारखा इशारा देऊन नीट मिटवतं. लॅपटॉपने तेवढ्यात झोपू नये म्हणून इनहिबिट लावलं. 'क्लास' प्रोफाइल उघडून कॉलला जाणं हातानेच, तेवढं काही जड नाही. आत काय चाललंय अशी हुरहुर वाटलीच तर पॅव्हूकंट्रोलच्या रेकॉर्डिंगच्या पानावर हलती पट्टी दिसते. कान लावायचाच असेल तर लूपबॅक मॉड्यूल 'वर्ग'चा मॉनिटर हेडफोनला जोडून देतं, नको झालं की उतरवायचं. एकदा मीटिंग फारच लांबली तेव्हा हे केलं होतं, खोटं कशाला बोलू.

४ सप्टेंबर, गुरुवार

गणपती. सप्रेशन बंद असल्याची किंमत आज वसूल झाली: गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर जसाच्या तसा फाइलमध्ये. नॉइज सप्रेशन असतं तर त्याने मंडळ पुसलं असतं, तानपुऱ्यासकट. दोन्हींतून एक निवडायचं तर तानपुरा. आत्याने खिडक्या लावल्या, फोन अजून जवळ ओढला, आणि मुलींना म्हणाली की शनिवारी विसर्जन आहे, तोवर आरतीच्या लयीत गाऊ नका म्हणजे झालं.

९ सप्टेंबर, मंगळवार

मेलबर्नच्या मुलीची मागणी: पूर्ण दीड तास नको, फक्त बंदिशीचा भाग हवा. आत्याची मागणी: मधे म्युनिकवालीला झापलंय, ते काढ. दोन्ही कामं एफएफएम्पेगला सुरुवात आणि शेवटाची वेळ देऊन होतात. वेळा मात्र आत्यानेच सांगायच्या असं ठरलंय. तिने आता क्लास चालू असताना वहीच्या समासात घड्याळ बघून खुणा करायला सुरुवात केली आहे, आणि पहिली खूण आहे: "११:४० ते ११:४७, रागावले."